अंथरायची की पांघरायची

सत्यम्मा, मल्लय्या सकाळी पुन्हा येऊन गेला. उंबऱ्यात उभा राहून आत यावं की नाही या विचारात त्यानं इतका वेळ घालवला, की शेवटी मीच ओरडले, "ये रे बाबा, कोणी खात नाही तुला." आला, आणि तुझ्या वळकटीकडे पाठ करून बसला. तुझा मामेभाऊ खरा, पण तुझ्यासारखी जीभ काही देवानं त्याला दिली नाही. गासडी बांधून तयार आहे म्हणाला, पाँडिचेरीचा दलाल खनपटीला बसलाय, मालाची फ्रेंच यादी तेवढी द्या. मी म्हटलं, झाली आहे सगळी, एक ओळ राहिली आहे. "मग ती एक ओळ तुमीच घाला की, अक्का." संध्याकाळी येतो म्हणून गेला.

तुमीच घाला की! किती सोपं वाटतं लोकांना.

आज रविवार आहे. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर नुसतं ओतलंय. शाळा नाही, वह्या तपासायच्या पडल्यात, आणि मला उठायचंही जिवावर येतं. तू जाऊन अजून महिना झालेला नाही आणि मी इतकी दमले आहे, की रडायलासुद्धा कुणीतरी उठवून बसवावं लागेल. म्हणून यादी पुढे घेऊन बसले आहे आणि यादी लिहायची सोडून तुझ्याशी बोलते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, काम टाळायला तुमाला कोण पण चालतंय." चालतं बाई. तू तर चालतेसच.

हे सगळं सुरू कुठून झालं, आठवतं? तुझ्या वर्गातून. आपल्या शाळेत संस्कृतला घाबरणाऱ्या, आणि ज्यांना शास्त्रीबुवा घाबरायचे अशा चार मुली तुझ्या फ्रेंचला येऊन बसायच्या. इंग्रजी मी शिकवायची, फ्रेंच तू. पोरी काय करायच्या, तर एक इंग्रजी शब्द आणि एक फ्रेंच शब्द अशी लग्नं लावून मोकळ्या व्हायच्या. मग बघणं, दिसणं, टक लावणं, राखण करणं, सगळ्यांना एकच नवरा. तू वह्या घेऊन माझ्याकडे आलीस आणि कपाळाला हात लावलास. "अय्यो अक्का, शब्द एकटा पाठवला की परक्या मुलखात बावरतो. त्याचं गोत बरोबर पाठवायला पायजे."

तेव्हापासून आपण पंगती बसवायला लागलो. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे आणि एक इंग्रजी शब्द त्याच्या भाऊबंदांसकट समोर घ्यायचा. मी प्रत्येकाचा स्वभाव मराठीत सांगायची, आणि सांगून भागलं नाही तर करून दाखवायची. 'स्टेअर' दाखवताना मी तुझ्याकडे अशी काही बघत बसले होते, की घरमालकीणबाईंना वाटलं मला झटका आला. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मग फ्रेंच शब्द काढायचीस, त्याला त्याच्या पाटावर बसवायचीस. मला फ्रेंच येत नव्हतं. पण भांडायला फ्रेंच लागत नाही. तू शब्द काढलास की मी म्हणायची, "हा तिथं शोभत नाही," आणि तू म्हणायचीस, "कादु, कादु!" तुझं ते तेलुगूतलं नाही मराठीतल्या नाहीपेक्षा जास्त ठाम असायचं.

नेम एकच होता. जी हरेल तिनं मोठ्यानं "बसली" म्हणायचं, म्हणजे पंगत बसली, आणि जी जिंकेल तिनं उठून चहा टाकायचा. हरणारीला चहा आयता. हा नेम तू काढलास. मला आधी तो उलटा वाटला होता. तू म्हणालीस, "हरलेल्या माणसाला वर चहा पण करायला लावायचा? कसली ओ तुमची रीत."

आत्याची पंगत आठवते? 'आंट' म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी, असं मी सगळं सांगितलं, आणि तू सरळ चौघींना एका पाटावर बसवलंस. 'तांत.' मी भडकले. माझी काकू आणि माझी मामी जन्मात कधी एका पंगतीला बसल्या नाहीत, आणि तू त्यांना एका पाटावर कोंबतेस? "मी कुटं कोंबलं? इंग्रजांनी आधीच कोंबल्यात. मी नुसता पाट बदलला." त्या दिवशी मी हसत हसत "बसली" म्हटलं आणि चहा प्यायले.

तुझं फ्रेंच कुठून आलं हे लोकांना खरं वाटायचं नाही. सोलापुरात पद्मसाळी विणकरांतली बाई फ्रेंच शिकवते म्हटल्यावर तपासनीस साहेबांनीसुद्धा चष्मा पुसला होता. तू त्यांना शांतपणे सांगितलंस, की गोदावरीच्या तोंडाशी यानाम नावाचं गाव आहे, तिथं राज्य फ्रेंचांचं आणि बोलणं तेलुगू, आणि तुझे वडील तिथले विणकर. मिशनच्या ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत तुला शिकायला घातलं, आणि शिकवणीच्या बदल्यात तू त्यांच्या खाटा आवरायचीस. "उशी म्हणता म्हणता उशी शिकले, खोळ म्हणता म्हणता खोळ." पुढं तुझं लग्न झालं, मोडलं, वडील गेले आणि तू मामाच्या आसऱ्यानं इकडे साखर पेठेत आलीस. मोडलं कसं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. माझंही कुंकू कधी पुसलं हे मला धड आठवत नव्हतं, तेही तू विचारलं नाहीस. दोघींनी तेवढं एक बरं केलं.

या दोन खोल्यांत आपण एकत्र राहायला आलो त्या पहिल्या वर्षी दोन चुली होत्या. तुझी तिकडे, माझी इकडे, मध्ये पाण्याचा हंडा. दोन भातांची वाफ एकाच छपराला लागायची. मग तू मला गोंगुऱ्याची चटणी वाढलीस का मी तुला आमटी, ते आता आठवत नाही, पण एक दिवस एक चूल थंड राहिली आणि पुन्हा पेटली नाही. आमच्याकडचे नातेवाईक तेव्हापासून यायचे बंद झाले. घर मोकळं झालं. तुझे उपकार म्हणून मी कधी बोलले नाही. आज म्हणते.

बरं, मल्लय्याची यादी. त्यानं लुगडी विणणं कमी करून जाड चादरी काढायला सुरुवात केली, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात पाँडिचेरीचा बाजार भरवला. मुंबईच्या अडत्यानं मालाची यादी इंग्रजीत करून दिली. पाँडिचेरीच्या दलालानं ती परत पाठवली, की फ्रेंचमध्ये करा, आणि प्रत्येक मालाला एकच नाव द्या, दोन दोन नावं इथले जकातवाले चालवून घेत नाहीत. मल्लय्या यादी घेऊन तुझ्याकडे आला आणि तू नाचतच माझ्याकडे आलीस. "अक्का, केवढं गोत आलंय बघा! शीट, ब्लँकेट, बेडस्प्रेड, कव्हरलेट, क्विल्ट, रग!" मला वाटलं एका रविवारचं काम आहे.

बेडस्प्रेडलाच गाडं अडलं. मला ते मराठीतसुद्धा सांगता येईना. दोघी जन्मभर जमिनीवर झोपलेल्या, पलंगावर वरून काय घालतात आणि ते झोपताना काढतात का ठेवतात, मी काय सांगणार? तुझं म्हणणं, जोगिणींच्या खाटांवर असलं काही नव्हतंच, त्या गरीब होत्या. शेवटी तू म्हणालीस, जाऊन बघू. आणि आपण दोन शहाण्या बायका मिशनच्या दवाखान्यातल्या मडमबाईंच्या बंगल्यावर पलंग बघायला गेलो!

काय सांगायचं ते ठरवून गेलो नव्हतो. मडमबाई आल्या, तू धीटपणे आतल्या दारापर्यंत गेलीस आणि त्यांच्या पलंगाकडे बघत उभी राहिलीस. मी तुझ्या मागे. त्यांना वाटलं तुला घेरी येतेय. त्यांनी तुला धरून खुर्चीवर बसवलं आणि तोंडात तापमापक घातलं. आता तुझं तोंड बंद. मग मीच इंग्रजीतून सगळं सांगितलं, आणि ती बाई इतकी हसली, इतकी हसली, की तिनं सगळा पलंग उलगडून दाखवला. वरचं झाकण काढलं, तो बेडस्प्रेड. खाली ब्लँकेट. त्याच्या खाली पातळ पांढरी शीट. आणि तिच्या खाली, गादीवर, आणखी एक शीट. तू तोंडातलं तापमापक काढून ओरडलीस, "बघा! दोन! यानामला पण दोन! एक खाली, एक वर, माणूस मधे!"

तिथंच भांडण पेटलं ते पेटलं. घरी येईपर्यंत बेडस्प्रेड, कव्हरलेट, क्विल्ट, रग सगळे मुकाट आपापल्या पाटावर बसले, राहिली ती मल्लय्याची जाड चादर. अडत्यानं तिच्यापुढे 'शीट ऑर ब्लँकेट' असं लिहून हात झटकले होते. मी म्हटलं, ब्लँकेट. पांघरायची वस्तू आहे. तूच सांगितलेला शब्द, 'कूव्हर्त्यूर.' इतकं जाड सूत, ती काय शीट आहे? तू म्हणालीस, "कादु. 'द्रा.' शीटच. द्रा खाली पण असतो, वर पण असतो. आपली चादर तशीच की. आमची दुप्पटी तशीच. अंथरा, पांघरा." मी म्हटलं, शीट म्हणून मागवतील आणि हातात ही घोंगडी आली की मल्लय्याच्या तोंडावर फेकतील. तू म्हणालीस, पाँडिचेरीच्या उकाड्यात ब्लँकेट म्हटलं तर कोण हात लावेल? मल्लय्याचा पहिला माल, त्यात सगळं भांडवल घातलेलं, आणि आपण त्याचं नाव ठरवणार. म्हणून दोघीही हट्टाला पेटलो.

त्याला बोलावून विचारलं, "तूच सांग बाबा, विणतोस तू. अंथरायची की पांघरायची?" तो बिचारा दोघींच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "अक्का, मी विकायची म्हणून विनतो."

तेवढ्यात तुला हिवताप आला.

पहिले दोन दिवस आपण ते हसण्यावारी नेलं, हे मला सारखं आठवतं. मल्लय्यानं नमुन्याच्या दोन चादरी दिल्या होत्या त्याच काढल्या. हिव भरलं, दात वाजायला लागले, की मी तुझ्या अंगावर चादर टाकायची आणि म्हणायची, "बघ, कूव्हर्त्यूर." घटकाभरानं घाम फुटला की तू ती पायानं लोटायचीस, अंगाखाली ओढायचीस आणि धापा टाकत म्हणायचीस, "आता बोला. द्रा." क्विनीनच्या कडू तोंडानं तू हसायचीस. मला वाटायचं, इतकी भांडते आहे म्हणजे बरी होते आहे. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. मग तुझं बोलणं कमी झालं, आणि हिव भरायला वेळेचं बंधन राहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी इतकं हुडहुडलं की मी एक चादर खाली घातली, दुसरी वर घातली आणि तुझ्या दोन्ही बाजू धरून बसले. थरथर थांबली. तू डोळे उघडलेस. खालच्या चादरीवर हात फिरवलास, मग वरच्या. "अक्का, बघा. दोन द्रा. मधे मी." आणि जरा थांबून, "बसली?"

मी म्हटलं नाही. "बसली" म्हटलं नाही, सत्यम्मा. "आधी बरी हो," म्हटलं, "मग बघते तुझ्याकडे. इतक्यात नाही सोडणार." तू डोळे मिटलेस. तुला वाटलं असेल अक्का काय हट्टी बाई आहे, आजाऱ्याला पण जिंकू देत नाही. तसं नव्हतं ग. मला तेव्हाच कळलं होतं तुझं खरं आहे. पण मी "बसली" म्हटलं असतं तर पंगत उठली असती. भांडण बाकी ठेवलं तर तुला ते पुरं करायला थांबावं लागेल, असं माझ्या वेड्या मनानं धरलं. तुझ्यासारखी बाई भांडण अर्धं टाकून जाणार नाही, एवढी मला खात्री होती. तू गेलीस की! दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सरळ उठून गेल्यासारखी गेलीस.

त्यानंतर लोक येऊन गेले. मोठ्या बाई आल्या आणि ईश्वरेच्छा म्हणाल्या. फ्रेंचचा वर्ग बंद करून मुलींना संस्कृतला बसवायचं ठरलंय, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. पूर्वी मी खूप बोलले असते. तू रागवशील, पण माझ्यात आता वाद घालायची ताकद नाही, आणि ज्याच्याशी घालावा असं माणूसही नाही. तुझ्या वर्गातली ती परकरातली धीट पोर माझ्याजवळ येऊन रडली, "बाई, आता आमची पंगत कोण बसवणार?" तिला म्हटलं, जमेल तेवढी मी बसवीन. फ्रेंच येत नसताना कशी बसवणार ते देवाला ठाऊक.

एक पंगत मात्र तू हरून गेलीस, ती आज फार आठवते. 'हाऊस' आणि 'होम.' हाऊसला तू ताबडतोब पाट दिलास. होमला मिळेना. तू खूप शोधलास आणि शेवटी म्हणालीस, "न्हाई अक्का, होमला तिकडं नुसता पाट न्हाई. तिकडं 'कुणाकडं' असं म्हणतात. माझ्याकडं, तुझ्याकडं. माणूस लावल्याशिवाय होम होतच न्हाई." तू "बसली" म्हणालीस आणि मी चहा टाकला. मला तेव्हा वाटलं, काय गरीब भाषा आहे, घराला शब्द नाही. आता शाळा सुटते, मी आपल्या टोपी गल्लीपर्यंत येते, आणि पाय अडतात. मी रोज घरी येत होते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी तुझ्याकडे येत होते. हे तुला एकदा तरी सांगायला हवं होतं. पण आपल्याला भांडणातून वेळ कुठं मिळाला?

ऊन कललं आहे. बाहेर चपलांचा आवाज आला, मल्लय्याच असणार, आणि उंबऱ्यात थांबला असणार. थांबू दे जरा.

त्या दोन चादरींपैकी वरची तुझ्याबरोबर गेली. मल्लय्यानंच घातली ती तुझ्या अंगावर, आणि त्याचा हात तिथंच राहिला, कुणीतरी धरून बाजूला नेलं त्याला. खालची घरी आहे. मी ती धुतली, वाळवली, आणि रात्री अंथरते. पहाटे गारठा पडला की तिचंच टोक अंगावर ओढून घेते. म्हणजे बघ, दोन्ही करते. तू हे बघायला हवी होतीस. तुझा तो जिंकल्यावरचा चेहरा, मान जराशी तिरकी, हसू दाबून धरलेलं. मला फार राग यायचा त्या चेहऱ्याचा.

लिहिलं मी. राहिलेल्या ओळीत 'द्रा' लिहिलं, तू शिकवलंस तसं, शेवटी न उच्चारायचं अक्षरसुद्धा घालून. शाई वाळेपर्यंत बसले. मग मोठ्यानं म्हटलं, "बसली."

मल्लय्या दारातून म्हणाला, "काय म्हनालात, अक्का?"

"काही नाही. झाली यादी. घेऊन जा."

त्यानं यादी घेतली, ती ओळ वाचता येत नसताना वाचली, आणि खिशात ठेवली. तोंड उन्हानं सुकलेलं त्याचं. दोन घोट चहाची आशा धरून जरा घुटमळला, चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेला. मी त्याला बस म्हटलं नाही.

चूल पेटवली नाही मी, सत्यम्मा. चहा जिंकणारीनं टाकायचा असतो.